शालिग्राम मास्तरांचा विलय

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातले शालिग्राम महाजन मास्तर मोठे चित्रकार आहेत, हे गावात सगळ्यांत आधी ज्यांच्या लक्षात आलं ते स्वतः मास्तरच. बाकीच्यांना पटायला वेळ लागला, आणि पटलं तेही गावात दुसरा चित्रकार नव्हता म्हणून.

मास्तर सरकारी शाळेत ड्रॉइंग शिकवत. शिकवत म्हणजे फळ्यावर खडूने एक वांगं काढत, "हे उतरवा" म्हणत, आणि तास संपेपर्यंत खिडकीशी बसून कुणाच्या तरी देवाचे डोळे रंगवत. पोरांच्या कैक तुकड्या त्या वांग्यावर पास झाल्या. देवांचं काम मात्र ते जीव ओतून करत. दत्त असो, मारुती असो, की इतवाऱ्यातल्या मिठाईवाल्याची लक्ष्मी असो, सगळ्यांचे गाल गुलाबी, ओठ लाल, डोक्यामागे सोनेरी ताट. चेहराही सगळ्यांचा एकच. भाविकांना वाटे, देव शेवटी एकच आहे असं मास्तरांना सुचवायचं असेल. खरी गोष्ट अशी की मास्तरांना तो एकच चेहरा जमत होता.

त्यांची बायको धुरपदाबाई, जसोंडीच्या शेतकऱ्याची लेक. "आमच्या हिला चित्रातलं काही कळत नाही," असं मास्तर पाहुण्यांना मोठ्या प्रेमाने सांगत. तिने ते कधी खोडून काढलं नाही. चहा आणून ठेवायची आणि आत जायची.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात दिल्लीकरांनी नकाशाला कात्री लावली. नागपूर आणि सगळा विदर्भ मुंबईकडे गेला, बुऱ्हाणपूर आहे तिथेच राहिलं आणि राजधानी मात्र भोपाळला गेली. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ हे चार प्रांत, कालचं उरलंसुरलं एका पातेल्यात ओतावं तसे एकत्र झाले आणि त्याला नवं मध्य प्रदेश म्हणू लागले. गावात फरक इतकाच पडला की पूर्वी अर्जाचं उत्तर नागपूरहून येत नसे, ते आता भोपाळहून येईनासं झालं. मास्तरांची मात्र चंगळ झाली. कचेऱ्यांच्या पाट्या बदलायच्या होत्या, आणि शुद्ध हिंदी हातवळणाची ब्रशवाली माणसं कुठे होती? वर विलयाच्या समारंभासाठी त्यांनी मांजरपाटावर नव्या राज्याचा भला मोठा नकाशा रंगवला. त्यात बुऱ्हाणपूर आणि भोपाळ एकाच आकाराचे होते. गावाने टाळ्या वाजवल्या. सरकारी कचेरीतले नवे साहेब त्रिपाठी, रीव्याकडचे, म्हणाले, "वाह, मास्टरजी! एकता इसी को कहते हैं." त्या दिवसापासून साहेबांच्या कुठल्याही समारंभाला खिळा ठोकायचा झाला की मास्तरांना बोलावणं येऊ लागलं, आणि मास्तर त्याला मान समजू लागले.

पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडावर पाद्री भालेराव साहेबांना भेटायला गेले. स्टेशनच्या रस्त्याला एक छोटं चर्च होतं, त्याचे ते पाद्री. खानदेशातले, साधे, मृदू. त्यांच्या एका मित्राची मुलगी रूथ साळवे, नगरची, मुंबईच्या आर्ट स्कूलात शिकलेली. ती आणि तिचे दोन चित्रकार मित्र आपली चित्रं घेऊन गावोगाव फिरत होते. विषय अध्यात्म. इंदूरहून मुंबईला परतताना वाट बुऱ्हाणपूरवरूनच होती. पाद्रींना वाटलं, चर्चच्या पांढऱ्या भिंती रिकाम्याच आहेत, आठवडाभर लावू द्यावीत चित्रं. त्या निमित्ताने चार लोक दाराच्या आत येतील.

"हिंदू, मुसलमान, ईसाई, सब एक छत के नीचे!" त्रिपाठीसाहेब खुर्चीतून उठलेच. "पादरीजी, यह तो एकता है!" साहेबांना एकतेची अशी काही ओढ लागली होती की दोन म्हशी एका गोठ्यात दिसल्या तरी ते थांबून बघत. त्यांनी तत्काळ हुकूम सोडला आणि शालिग्राम मास्तर प्रदर्शनाचे स्थानिक व्यवस्थापक झाले.

मास्तरांनी त्याचा अर्थ लावला की आपलंही चित्र लागणार. त्यांनी रात्रंदिवस खपून येशू काढला. तापीच्या राजघाटावर उभा, पिवळा झगा, गुलाबी गाल, लाल ओठ, डोक्यामागे ताट. पाद्री भालेराव त्या चित्रापुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. त्यात भक्ती किती आणि पेच किती, हे सांगणं कठीण. शेवटी म्हणाले, "मास्तर, येणाऱ्याचं स्वागत यांनीच करावं." आणि येशू बाहेरच्या पडवीत लागला, जिथे लोक चपला काढून ठेवत होते तिथे.

मास्तरांनी हा घोट गिळला. आतली चित्रं लावू लागले तेव्हा मात्र त्यांना गिळवेना. एका मित्राने नुसती वर्तुळं काढली होती, लाल माती कालवून. दुसऱ्याने, तो पाइप ओढायचा, काळ्यावर काळं रंगवलं होतं आणि त्याला 'प्रार्थना' म्हटलं होतं. रूथचं चित्र सगळ्यांत मोठं. सगळीकडे पहाटेसारखा राखी रंग, आणि खाली, जवळजवळ चौकटीला टेकून, एक पांढरं कापड घडी करून ठेवलेलं. बाकी काहीच नाही.

"यात येशू कुठे आहे, ताई?" मास्तरांनी शिडीवरून विचारलं.

"गेलाय," रूथ म्हणाली. बारीक, सावळी पोरगी, केस घट्ट बांधलेले. "थडग्यात फक्त कापड उरलंय."

"हां, हां," मास्तर म्हणाले, आणि खाली उतरून पाद्रींच्या कानाशी लागले, "धोब्याचं चित्र दिसतंय."

प्रदर्शन उघडलं आणि गाव लोटलं. चित्रं बघायला थोडे, चर्च आतून कसं असतं ते बघायला फार. मोमीनपुऱ्यातले विणकर आले, केळीचे व्यापारी आले. प्रत्येकाने काळी 'प्रार्थना' बघून मान डोलवली, कारण पुढच्या माणसाने डोलवली होती. साहेबांनी भाषणात एकता हा शब्द इतक्या वेळा घेतला की पाइपवाला चित्रकार उठून बाहेर गेला. मास्तर मनातल्या मनात खूश होते. आठवड्याने ही मंडळी गाडीत बसतील, आणि गावाला कळेल खरी कला कोणती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुरपदाबाई शेजारच्या मालूबाईला घेऊन आली. पडवीत मास्तरांच्या येशूपाशी तिने चपला काढल्या, वर पाहिलं, म्हणाली, "घाटाच्या फरशीवर अनवाणी उभा केला. पाय भाजत असतीन बिचाऱ्याचे." आणि आत गेली.

मालूबाई सगळी चित्रं भराभर बघून दाराशी आली. धुरपदाबाई आली नाही. मास्तरांनी आत डोकावलं. ती त्या घडी केलेल्या कापडापुढे उभी होती. पदर तोंडाशी. लोक तिच्या मागून जात होते, पुढून जात होते, तिला पत्ता नव्हता. मास्तर खाकरले. ती हलली नाही. रूथ एका बाकावर बसून तिच्याकडे बघत होती. शेवटी मालूबाईने येऊन हाताला धरलं तेव्हा ती निघाली.

संध्याकाळी जेवताना मास्तरांना राहवलं नाही. "काय एवढं होतं त्यात? एक धुतलेलं कापड."

धुरपदाबाईने भाकरी वाढली. "माय गेली तेव्हा मी पोचले नाही, आठवते का? नाल्याले पूर होता. पोचले तं सगळं आटपलेलं. खाटेवर तिची गोधडी, अशी घडी करून ठेवलेली. म्या सगळ्यायले विचारलं, कोणं केली घडी. कोणीच सांगे ना. मले वाटे, तिनंच केली असन. उठली असन, गोधडी घडी केली असन, आणि गेली असन." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "त्या पोरीले कसं मालूम?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. संसाराला इतकी वर्षं झाली, ही गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती. बाई आपल्याला सोडून एका चित्राशी बोलली, तेही परक्याच्या!

"आणि मी काढलेलं चित्र? तुझ्या मायचं?" त्यांनी बैठकीच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे सासूबाई होत्या, गुलाबी गाल, लाल ओठ, सोनेरी ताट.

"ते छान हाये," धुरपदाबाई मनापासून म्हणाली. "दत्तासारखं दिसते."

एरवी माणूस इथे अंतर्मुख वगैरे झाला असता. मास्तर संतापले. ज्या कलेला लोक भुलतात ती कला नाही, हे सिद्ध करायचं त्यांनी ठरवलं. रविवारी शाळा बंद. ड्रॉइंगच्या खोलीत नाटकाच्या जुन्या पडद्याचा एक तुकडा पडला होता, तो त्यांनी मोडक्या फळ्याच्या चौकटीवर ताणला. पाट्यांचे उरलेले रंग होतेच. हिरवा फासला, त्यात लाल ओतला, निळ्याचा फराटा मारला, पिवळा बोटांनी उडवला. असं मोकळं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं. ते एकटेच मोठ्याने हसत होते. शाळेचा शिपाई कडू दाराशी येऊन बघून गेला आणि त्याने गावात सांगितलं नाही, ही त्याची भलाई.

रंग वाळेपर्यंत काय करायचं म्हणून मास्तर खालच्या कोपऱ्याशी उकिडवे बसले. तिथे थोडं कोरं कापड उरलं होतं. बारीक ब्रशने त्यांनी तिथे काहीतरी चाळा सुरू केला. एक टाका, मग दुसरा, जाड दोऱ्याचे, वाकडेतिकडे. एका कडेवर दुसरी कड. हे करताना ते हसत नव्हते, पण हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मग उठले, चित्राला 'विलय' नाव दिलं आणि चित्रकाराचं नाव लिहिलं: के. सुपडू, भोपाळ.

सोमवारी सकाळी चर्चच्या किल्ल्या व्यवस्थापक म्हणून त्यांच्याकडेच होत्या. चित्र भिंतीवर गेलं. पाद्री भालेराव आले आणि चष्मा पुसून बघत राहिले.

"हे कुठून आलं, मास्तर?"

"भोपाळहून. रेल्वे पार्सलने. वरची ओळख आहे."

'वरची' म्हटल्यावर पुढे विचारायची पद्धत त्या काळी नव्हती, आजही नाही. पाद्री फक्त एवढंच पुटपुटले, "सुपडू? माझ्या वडिलांचं नाव सुपडू. हे नाव तर आपल्या खानदेशातलं. भोपाळात कसं गेलं?"

"विलय झाला ना, पाद्रीसाहेब," मास्तर म्हणाले. "सगळं इकडचं तिकडे झालं."

शेवटच्या दिवशी त्रिपाठीसाहेब भोपाळहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन येणार होते. मास्तरांनी मनात सगळं रचलं होतं. साहेब चित्राची वाहवा करणार, चित्रकार मंडळी माना डोलवणार, आणि मग आपण पुढे होऊन सांगणार, हे मी काढलंय, पाट्यांच्या रंगाने, थट्टा म्हणून. गाव हसेल. धुरपदाबाईही हसेल. तिला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. ती आली आणि बायकांच्या घोळक्यात दाराजवळच उभी राहिली.

साहेब यायच्या आधी रूथ त्या चित्रापुढे येऊन थांबली. जरा पुढे वाकली, वास घेतला.

"मास्तर, हे सुपडू कोण?"

"फार मोठे आहेत. भोपाळात त्यांचं..."

"असतील मोठे. पण चित्र काढताना ते हसत होते." रूथने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे नाही. इथे हसायचं विसरले. ही गोधडीची शिवण आहे ना? सगळं चित्र फेकून द्यावं आणि एवढाच कोपरा ठेवावा." मग तिची नजर मास्तरांच्या नखांवर गेली, जिथे हिरवा रंग अजून निघाला नव्हता. तिने नुसती मान हलवली, एखाद्याला ओळख द्यावी तशी.

मास्तरांचं भाषण पोटातच आंबलं. इतक्या वर्षांत त्यांच्या देवांना 'छान', 'सुंदर', 'हुबेहूब' असं पुष्कळ ऐकायला मिळालं होतं. हे खोटं आणि हे खरं, असं बोट ठेवून कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते ज्या पोरीला त्यांनी धोबीण ठरवलं होतं तिने सांगावं!

तेवढ्यात साहेब आलेच. काळ्या 'प्रार्थने'पुढून ते आदराने, पण लगबगीने गेले. घडीच्या कापडापुढे म्हणाले, "स्वच्छता! सुन्दर." आणि 'विलया'पुढे येऊन खिळले. नाव वाचलं. भोपाळ वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

"देखिए," ते पाहुण्यांना म्हणाले, "हरा, लाल, नीला, पीला. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाल. चारों एक-दूसरे में घुल रहे हैं. किसी की सीमा नहीं बची. यह अध्यात्म भी है और राज्य पुनर्गठन भी!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गावाने वाजवल्या. पाइपवाल्यानेही, कदाचित गाडीची वेळ झाली होती म्हणून. साहेबांनी जाहीर केलं की हे चित्र कचेरीत, त्यांच्या खुर्चीमागे लागेल.

हीच ती घडी होती. मास्तर एक पाऊल पुढे झाले. तोंड उघडलं.

"मास्टरजी, आप कुछ कह रहे थे?"

मास्तरांनी साहेबांकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. नवं राज्य फार मोठं होतं. त्यात दूर जंगलातलं सरगुजा होतं, बस्तर होतं, आणि ड्रॉइंग मास्तरची कुठेही गरज पडू शकत होती.

"जी," ते म्हणाले. "वो... फ्रेम मैंने कसवाई है."

"बहुत मज़बूत है," साहेब म्हणाले. "इसके नीचे एक अच्छी-सी पट्टी भी लिख दीजिए."

ती पट्टी मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिली, सोनेरी अक्षरांत, दुसऱ्याच्या नावाने. चित्रकार मंडळी संध्याकाळच्या गाडीने गेली. मास्तर चित्रांची पेटी चढवायला स्टेशनवर गेले होते. गाडी हलताना रूथ खिडकीतून म्हणाली, "तो कोपरा वाढवा, मास्तर," आणि मास्तरांनी काही ऐकू आलं नाही असं दाखवलं.

घरी येऊन त्यांनी धुरपदाबाईला सगळं सांगून टाकलं. गावाला हसवायला निघालेला माणूस शेवटी चुलीपुढे येऊन बसला होता. ती हसली. आधी पदराआड, मग उघड, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मास्तरांच्या चित्राने तिला काही झालं असं ते पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून त्यांनाही बरं वाटलं.

"आणि त्या कोपऱ्यात काय काढलं म्हणे?"

"गोधडी," मास्तर म्हणाले. "तुझ्या मायची. म्हणजे, तशी."

तिचं हसू थांबलं. "मले दिसली नाही. मी दारातच होते." चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "पाहाले पाहिजे होतं."

पण चित्र आता साहेबांच्या खुर्चीमागे होतं, आणि तिथे जसोंडीच्या बाईला कोण जाऊ देणार? मास्तर म्हणाले, दुसरं काढतो. त्यात काय मोठं?

ते फारच मोठं निघालं. पहिल्या गोधडीला त्यांनी सवयीने सोनेरी किनार काढली. धुरपदाबाई म्हणाली, "माय राजवाड्यात नव्हती राहत." दुसरीत घडी उलटी पडली. तिसरी इतकी कोरी करकरीत झाली की दुकानात मांडल्यासारखी दिसे. चिडून मास्तर म्हणत, "तुला चित्रातलं काय कळतं?" ती म्हणे, "चित्रातलं नाही कळत. गोधडीतलं कळते." मास्तर ब्रश आपटून उठत, आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा बसत. अधल्यामधल्या काळात गणपती, दत्त, निवडणुकीच्या पाट्या चालूच होत्या, त्याच चेहऱ्याने, त्याच गालांनी. गावाने फरक मागितला नाही आणि मास्तरांनी दिला नाही.

'विलया'चं म्हणाल तर त्रिपाठीसाहेबांचीच बदली झाली, बस्तरला. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना कलेचं वेड नव्हतं. त्यांनी चित्र काढून व्हरांड्यात पाण्याच्या माठामागे लावलं, म्हणजे भिंतीला ओल येणार नाही. चारही प्रांत तिथे खरोखरच एकमेकांत विरघळले. के. सुपडू यांच्याविषयी पुढे कुणी चौकशी केली नाही, फक्त पाद्री भालेराव रस्त्यात भेटले की गालातल्या गालात हसत विचारत, "काय मास्तर, भोपाळचं काही पत्र?"

मास्तर निवृत्त झाले त्या सालच्या थंडीत एक गोधडी पुरी झाली. विटकी, एका बाजूला झिजलेली, टाके उसवू लागलेले. खाटेची कड नुसती सुचवलेली. खाली सही नाही, कारण सही कुठे करावी हे मास्तरांना ठरवता आलं नाही. त्यांनी ती बैठकीत भिंतीला टेकवून ठेवली आणि चुकांची वाट बघत बसले.

धुरपदाबाई सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली. चित्राकडे पाहिलं. आत गेली, पाट घेऊन आली, चित्रासमोर मांडून बसली आणि तांदूळ निवडू लागली. खडा सापडला की बाजूला टाकायची, मान वर करायची, पुन्हा खाली घालायची.

मास्तरांना धीर धरवेना. "काही चुकलं असेल तर सांग. वाळायच्या आत सुधारता येतं."

"बसू द्या जरा," ती म्हणाली.